पोरीला बघायला आले त्या दिवशी

आमच्या विद्यापीठाच्या कॅन्सर केंद्राची एक गाडी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना ‘कॅन्सर’ हा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलाय की आंधळ्यालाही वाचता यावा. ज्याने कुणी ही अक्कल लढवली, त्याने सोलापूरच्या एखाद्या गल्लीत चार दिवस राहून बघावं. एमआयडीसीत कामगारांची तोंडं तपासायला जाताना ती गाडी ठीक. कुणाच्या घरी जायचं असलं की मी ती चौकातच थांबवते, गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये कोंबते आणि चालत जाते. लोक मला विमा एजंट समजतात, भिशीवाली समजतात. समजू देत.

उपचार झालेली माणसं पुढे कशी राहतात, आजार उलटतो का, याचा केंद्रात अभ्यास चालतो. तपासणीला यायची बंद झालेली माणसं शोधून परत आणायची, हे माझं काम. सांगायला सोपं आहे.

भवानी पेठेतली एक बाई अशीच यायची बंद झाली. घरी टॉवेलांना शिलाई मारायची, नवरा दुकानात कामाला, एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली होती. शेजारीपाजारी तिने सांगून टाकलं, पित्ताचे खडे काढले. बरी होऊन गेली, नियमाने यायची. मग एक तपासणी चुकवली, पुढचीही चुकवली, फोन उचलेना. शेवटी एका रविवारी मीच गेले.

दारात चपलांचा ढीग. आत नवी चादर अंथरलेली, तिच्यावर अक्कलकोटकडची पाहुणेमंडळी मांडी घालून बसलेली. पोरीला बघायला आले होते. मला बघून बाईचा चेहरा पांढराफटक पडला, पण जीभ काही अडखळली नाही. “या की अक्का! किती वाट बगायची?” आणि पाहुण्यांना म्हणाली, “माझी मावसबहीण. जुळे सोलापुरात असती.” मी जुळे सोलापूर भागात राहते हे खरं. बाकीचं पोह्यांबरोबर गिळलं.

थोड्या वेळाने तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. शिऱ्याचं पातेलं ती डाव्या हाताने उतरवत होती. उजवा हात अंगाशी धरलेला.

“काखेत काय झालंय?” मी विचारलं.

“काय न्हाय. काम करून दुकतंय.”

“उद्या तपासायला चला.”

“मॅडम, पाया पडते, आता नको. एवडं लगीन ठरू द्या. मग म्हनाल तवा येते.”

“ठरलं की साखरपुडा, मग लग्न, मग पहिला सण, मग पोरीचं बाळंतपण. तोवर गाठ काय उंबऱ्यात थांबून राहणार आहे?”

“हळू बोला की वो!” तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. हाताला तुपाचा वास होता. मला राग आला, खरं सांगते. बाहेर जाऊन सगळं सांगून मोकळं व्हावं असंही वाटलं. पण दुसऱ्याचा आजार सांगायचा हक्क मला नाही. मी मुकाट्याने बाहेर येऊन बसले.

मुलगी चहा देऊन बसली होती. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. मुलाची आई शेजारी बसलेल्या बाईला कानडीत म्हणाली, मुलगी छान आहे, आई मात्र फारच वाळलेली दिसते. मला कानडी येतं, त्या घरात सगळ्यांनाच येतं. मग मुलाच्या आईनेच माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, “तुमच्या बहिणीची तब्येत बरी नसते का हो?”

मी कप खाली ठेवला. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, “आईला कॅन्सर झाला होता. या मावशी नाहीत, दवाखान्यातल्या मॅडम आहेत.”

तिचा बाप जमिनीकडे बघत राहिला. आई दारात उभी होती, तिने पदराचा बोळा तोंडात धरला. मुलगी मात्र थांबली नाही. “आता तिच्या काखेत दुखतंय. रात्रभर कण्हते, आणि सकाळी मला म्हणते झोप छान लागली. लग्न झाल्यावर मी तिला दवाखान्यात चोरून नेऊ का? मला नाही जमायचं.” आणि मग ती रडायला लागली, भरल्या घरात, हुंदके देऊन.

पाहुणे वाईट नव्हते. त्यांनी शिरा संपवला, बाईला देव बरं करील म्हणाले, कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ते गेल्यावर बाई मला म्हणाली, “निगा आता. पुन्ना हितं येऊ नका.” मी निघाले. गाडीत बसून ड्रायव्हरवर उगीचच खेकसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आधीच मायलेकी पायरीवर बसलेल्या होत्या. बाई माझ्याशी बोलली नाही. तपासणी झाली, सुईने नमुना घेतला, आठवड्याभरात स्कॅन झालं. आजार काखेत उलटला होता, पण तिथेच होता, पुढे सरकला नव्हता. ऑपरेशन करता येईल, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. आईला दाखल करायला मुलगी खिडकीकडे गेली.

बाकावर आम्ही दोघीच उरलो. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालणार. तेवढी तयारी मी ठेवली होती. ती लेकीच्या पाठीकडे बघत बसली.

“बघून गेले त्याच रात्री त्यांचा फोन आला,” ती म्हणाली. “न्हाय म्हनाले.”

मी तिची फाइल मांडीवर घेतली.

“व्हय म्हनाले असते तर लगीन होईस्तोवर मी आले नसते बगा,” ती म्हणाली. “पोरीच्या लग्नापायी मेले असते, आन् कशापायी मेले ते पोरीला कळूबी दिलं नसतं.”