बोंबलांसकट आई

पार्ल्याच्या त्या स्टुडिओवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मढच्या किनाऱ्यावर आई बोंबील वाळवून विकायची. आमच्या जुन्या, भाता उघडणाऱ्या घडीच्या कॅमेऱ्यात एका रोलवर आठच फोटो निघायचे. आईने बजावलं, "मागचे बोंबील आले पाहिजेत हां फोटोत!" म्हणून मी पावलांनी अंतर मोजून, बांबूवरच्या बोंबलांच्या अख्ख्या रांगेसकट तिचा फोटो काढला.

त्या शहाण्याने प्रिंट करताना बोंबीलच उडवले. नुसता चेहरा ठेवला! वर मलाच म्हणतो, "आता कशी चांगल्या घरातली वाटते ना!"

डोकंच सटकलं माझं. अरे, तो कॅमेरासुद्धा तिने बोंबील विकूनच घेतला होता!