आत्तीचा गाळ

आमच्या गावचा तलाव पणजोबांच्या काळात दुष्काळी कामावर खोदलेला. दिवाळीपर्यंत मोठ्या मिजाशीत असायचा, आणि शिमगा झाला की गुपचूप मागे सरकायला लागायचा. पाणी सरकेल तसतशी माणसं उघड्या पडलेल्या गाळात काकडी-कलिंगड लावत जायची. याला गाळपेर म्हणतात. सातबारा कुणाकडेच नव्हता. ज्याची जागा त्याला ठाऊक, एवढ्यावर भागायचं.

आमच्या आत्तीचा, म्हणजे वडिलांच्या बहिणीचा, तुकडा सगळ्यांत खाली. तिला दुसरं रान नाही. जे काय होतं ते उन्हाळ्यापुरतं पाण्याबाहेर यायचं. लांब पायांचे पक्षी तिथे उतरले की ती त्यांना भाडेकरू म्हणायची आणि भाडं देत नाहीत म्हणून शिव्या घालायची.

मग गाळ काढायची योजना आली. नारळ फुटला, पोकलेन उतरलं. तलाव खोल होणार म्हणून सगळं गाव खूश, मीसुद्धा. चिंचोळी एमआयडीसीतल्या नोकरीवरून सुट्टीला घरी आलो, तर आत्ती गाळाच्या ट्रॉलीमागे तरातरा चाललेली.

“कुटं निगालीस?”

“माजं रान कुटं चाललंय ते बगाय.”

ते ओढ्यापलीकडच्या एका बागायतदाराच्या शेतात जाऊन पडलं. आत्तीने जागा नीट बघून ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या बांधाकडेने काकडी लावली. काकड्या धरल्यावर टोपली घेऊन भरदिवसा तोडायला बसली. बागायतदार धावत आला.

“आत्ती, रान माजं हाय की!”

“रान तुजंच. माती कुणाची?”

शेवटी भरलेली टोपली त्यानेच तिच्या डोक्यावर चढवून दिली. गावभर हसू झालं. तेव्हापासून बांधावरून आत्ती येताना दिसली की लोक आपापल्या मातीकडे संशयाने बघायचे.

पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. विहिरी चढल्या, टँकर बंद झाला, चौफेर ऊस उभा राहिला. पुढचा शिमगा झाला, उन्हं तापली, तरी पाणी जागचं हललं नाही. पक्षी घिरट्या घालून निघून गेले.

काठावर आत्ती बसली होती. मी थट्टेत विचारलं, “यंदा काय लावायचं?”

“गावाला पाणी झालं, लई चांगलं झालं,” ती म्हणाली. “पर खणायच्या आदी मला कुणी इचारलं न्हाय रं. तू बी न्हाय.”