बबनकाकांचा खेकडा

बबनकाका गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. पिरंगुटला मी ज्या मोबाइलच्या दुकानात काम करतो, तिथनं त्यांचं भरे गावातलं घर गाडीवर दहा मिनिटं. आणि बातमी आली कोथरूडवरनं. एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच चिकटवत होतो, खाली बुडबुडा राहू नये म्हणून श्वास रोखलेला, तेवढ्यात माझा फोन थरथरला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली होती. वर चढत चढत गेलो तेव्हा नाव दिसलं. काचेखाली हा एवढा बुडबुडा राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, "काय राव, लक्ष कुठंय?"

ग्रुप म्हणजे कागदाच्या घड्या घालणाऱ्या हौशी लोकांचा. ओरिगामी म्हणतात त्याला. एक चौकोनी कागद घ्यायचा आणि नुसत्या घड्या घालून त्याचा पक्षी, फूल, बेडूक काढायचा. कात्री लावायची नाही, डिंक लावायचा नाही. हा नियम ग्रुपच्या नावाखालीच लिहिलाय, कुणी विसरू नये म्हणून. बहुतेक मंडळी पुण्यातली, थोडी आमच्याकडच्या चांदे-नांदे गावांत झालेल्या नव्या सोसायट्यांमधली कंप्युटरवाली. खेड्यातले दोघंच, काका आणि त्यांच्यामागनं आलेला मी. त्या दिवशी ग्रुप चालवणाऱ्या मॅडमनी लिहिलं, 'काकांची शुद्ध घडीवरची निष्ठा आम्हाला कायम प्रेरणा देत राहील.' वाचलं आणि फोन फेकून द्यावासा वाटला... कारण याच निष्ठेचं आदल्या श्रावणात काय झालं होतं, ते मॅडमना माहीत होतं. अर्धंच माहीत होतं. उरलेलं अर्धं माझ्याकडं होतं.

काका पहिल्यांदा दुकानात आले ते फोन घेऊन. धोतर नाही, फेटा नाही; कंपनीचा जुना निळा शर्ट आणि पायात स्लीपर. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. म्हणाले, "ह्याच्यात आवाज भरून धाडायचा कसा, त्येवढं दाव बाबा. टाइप करायला गेलं का माझी बोटं दोन-दोन अक्षरांवर पडत्यात." मी बटण दाखवलं. त्यांनी तिथंच, भर गिऱ्हाइकात, पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसं सुरू केलं, "रामराम मंडळीऽ! आता पाऊस लागलाय. कागद पानी पितोय, घडी बसत न्हाई. तर कागद तांदळाच्या डब्यात ठिवा. चार दिवस. मग बगा कसा पापडावानी व्हतोय!" दुकानातली माणसं हसली. मी हसलो नाही. मी ऐकत होतो. शाळेपासून माझं एकच काम, लोकांच्या नकला करणं. हेडमास्तर, कंडक्टर, लग्नात माइक न सोडणारा मामा. तो आवाज ऐकला आणि वाटलं, आयला, हा माल आपल्याला पाहिजे. खरं सांगतो, दर रविवारी मी भऱ्याला जायला लागलो ते कागदासाठी नाही. त्या आवाजासाठी.

त्यांना ते पहिल्याच रविवारी कळलं. मला नावच पाडलं त्यांनी, नकल्या. "ये नकल्या, बस. तोंड चालवतोस तसे हात बी चालव जरा." मागच्या खोल्या कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या, पुढची पडवी तेवढी काकांची. मांडीवर पाट घेऊन ते घड्या घालायचे. मला कागद द्यायचे आणि माझी घडी तिरकी गेली की कानाजवळ नेऊन ऐकवायचे. हो, ऐकवायचे. काकांचं शिकवणं सगळं आवाजावर. कारखान्यात म्हणे मशीनवरचा पुठ्ठा नीट दुमडला की नाही, ते त्यांना न बघता कळायचं. तीच सवय. ग्रुपवर कुणी बाईंनी विचारलं, 'काका, माझ्या बेडकाचे मागचे पाय सारखे उघडतात,' की काका पाच-पाच मिनिटांचा आवाज भरून पाठवायचे. फोन कागदाजवळ धरून नखानं घडी ओढायचे. "ऐका. कर्रऽऽ... असा आवाज यायला पायजे ताई. फुस्स आला म्हंजी घडी कागदाच्या वरनंच गेली, आत न्हाई गेली." चित्रं काढून पायऱ्या दाखवणारे पुष्कळ होते ग्रुपवर. पण बेडूक बसायचे ते काकांच्या कर्रनं. त्या बाईंनी नंतर बेडकाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'यूट्यूबवर पाहून केला.' मी चिडलो. काका म्हणाले, "बसला न्हवं बेडूक? मग कुनाचं बघून का बसंना."

मी तो कर्र पण उचलला. जिभेनं, टाळ्याला घासून. काकूंसमोर केला तर काकू चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसल्या. काका म्हणाले, "आवाज माझ्यापरीस चांगला काढलास. आता घडी बी तशी काढ." ती मात्र नाही यायची.

खेकड्याचं वेड त्यांना चांद्याच्या एका पोरामुळं लागलं. त्यानं ग्रुपवर कागदी खेकडा टाकला, कुठल्या परदेशी पुस्तकातनं बघून केलेला. एकदम मापात, दोन्ही नांग्या सारख्या. काकांनी तो फोटो मोठा करून करून बघितला आणि म्हणाले, "ह्यो समुद्रातला दिसतोय. आपल्या वढ्यातला असा नसतोय. आपल्याची एक नांगी ही एवढी, एक बारकी." आता ज्याला घड्या माहितीयत त्याला कळेल की हे किती अवघड. चौकोनी कागद दोन्ही बाजूंनी सारखा असतो. एक बाजू मोठी काढायची तर दुसरीकडचा कागद चोरून आणायला लागतो, तो कुठं लपवायचा हा प्रश्न. काका एका पावसाळ्यात बसले ते दुसरा पावसाळा आला तरी खेकड्यावरच. खाकी कागद, खोक्यांचा असतो तसला. भाताची लावणी झाली, कापणी झाली, काका पाटावर. एका रविवारी गेलो तर पाटावर खेकडा. आठ पाय, दोन नांग्या, एक मोठी, एक बारकी. कुठं कापलेलं नाही, कुठं चिकटवलेलं नाही. काकांनी नुसतं फुंकर मारून दाखवली, पाय हलले. काकू म्हणाल्या, "बरं झालं, खेकड्यानं ह्यांना सोडलं तरी एकदाचं."

श्रावणात ग्रुपनं पुण्यात प्रदर्शन भरवलं. मिठाईच्या खोक्यात खेकडा ठेवून आम्ही बसनं निघालो. बाहेर झड लागलेली, बसमध्ये ओल्या छत्र्या, माणसांची वाफ. खोकं माझ्या मांडीवर. काका दर थांब्याला विचारायचे, "दमट लागतंय का रं?" मी म्हणायचो, "झकास आहे काका." खोकं उघडून बघितलं नव्हतं, नुसतं म्हणायचो.

हॉलवर पोचलो. काका पाय धुवायला गेले. मी खोकं उघडलं आणि मोठी नांगी आ वासून पडलेली. कागदानं ओल खाल्ली होती, मुख्य घडी सुटत आली होती. मी नखानं दाबली, परत उघडली. दाबली, उघडली. पलीकडं नावं लिहून घेणाऱ्या टेबलावर पाकिटं चिकटवायची डिंकाची बाटली होती. मी विचार केला नाही असं म्हणणार नाही. विचार केला. म्हटलं, वर्षभराचं काम आहे, म्हाताऱ्याला आल्या आल्या हे दिसायला नको. थेंबभर डिंक आत सारला आणि धरून बसलो. काका आले तेव्हा नांगी मिटलेली होती. थोडा वेळ वाट बघितली असती, काकांना सांगितलं असतं, तर त्यांनी चहाच्या गरम भांड्यावर कागद शेकून घडी परत बसवली असती. हे मला आता सुचतंय.

मॅडमनी खेकडा उचलला, भिंगातनं बघितला. लोक जमले होते. आधी वा वा झालं. मग त्यांनी तो उलटा केला आणि थांबल्या. डिंक अजून ओला होता, चकाकत होता. त्या वाईट नाहीत, आवाज चढवला नाही त्यांनी. पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "काका, अहो तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. डिंक आपल्यात चालत नाही." काकांनी खेकड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी बोटावरचा वाळलेला डिंक सोलत होतो... ते काही क्षण मला रोज दिसतात. तोंड माझं, जे कधी बंद होत नाही, ते तेव्हा शिवल्यासारखं झालं. काका म्हणाले, "व्हय बाई. चुकलं माझं." आणि खेकडा खोक्यात ठेवला.

परत येताना बसमध्ये ते खिडकीतनं बाहेर बघत होते. पिरंगुटला उतरल्यावर एवढंच म्हणाले, "सकाळपासनं उपाशी हाईस. कायतरी खाऊन घे." आणि भऱ्याच्या रिक्षेत बसले.

इथं संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण ग्रुपवर मॅडमनी नियमांची आठवण करून देणारा मेसेज टाकला, नाव न घेता. मग एकेकाला विनोद सुचायला लागले. आणि मला वाटलं, आता सगळ्यांनी हसलं की विषय मिटेल, कुणी खोलात जाणार नाही. मी काकांच्या आवाजात एक नोट पाठवली. "रामराम मंडळीऽ! पाऊस लागलाय. कागद तांदळात ठिवा, आन् न्हाईच बसला तर भात शिजवून खळ लावा!" मागनं जिभेचा कर्र. आख्खा ग्रुप हसून लोळला. माझ्या आयुष्यात एवढी दाद कधी मिळाली नाही. काकांनी ती नोट ऐकली होती, त्यांच्या नावापुढं निळी खूण आली होती. त्यानंतर त्यांनी ग्रुपवर एकही आवाज पाठवला नाही. मीही भऱ्याला गेलो नाही. दर रविवारी काहीतरी काम काढायचो. वैशाखात ते गेले. हृदय, म्हणाले सगळे.

पंधरा दिवसांनी मॅडमचा मेसेज आला, काकांच्या आठवणीसाठी त्यांच्या कामांचं प्रदर्शन करायचं. पोपट ठेवू, कमळ ठेवू, बेडूक ठेवू. 'तो खेकडा मात्र नको. गेलेल्या माणसाबद्दल उगाच वाद नको.' तेव्हा मी लिहिलं. सरळ लिहिलं, डिंक मी लावला, लावला तेव्हा काकांना माहीतही नव्हतं, त्यांनी माझ्यावरचं आपल्यावर घेतलं. दोन अंगठे आले. मग कुणीतरी, 'किती मोठ्या मनाचा आहेस, त्यांचं नाव राखतोयस.' म्हणजे खरं सांगितलं तर लोकांना ते खोटं वाटलं! जन्मभर खोटे आवाज काढले, ते सगळे खरे वाटले. मॅडम म्हणाल्या, 'ठीक आहे, आता तो विषय इथेच थांबवूया.' खाली कुणीतरी शुभ सकाळचं गुलाबाचं फूल टाकलं. म्हणून हा लेख छापायला दिला. ज्यांना वाटतं काकांनी डिंक लावला, त्यांनी हे कापून ठेवा. डिंक माझा होता.

मग भऱ्याला गेलो. काकू पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काकूंनी वरही बघितलं नाही. "ठावं हाय मला. त्याच दिशी सांगितलं ह्यांनी. म्हनले, पोरानं मायेनंच केलंय, येईल नि सांगंल." खडा उचलून बाजूला टाकला. "आयतवारी दोघांचा चा ठिवायला लावायचे. मंग दोन्ही कप आपनच प्यायचे."

मी खाली बसलो. काकू आत गेल्या आणि लोखंडी पेटी ओढत आणली. आत खेकडे होते. खाकी, वर्तमानपत्राचे, कॅलेंडरच्या पानाचे, एक तर भाड्याच्या पोरांच्या बिर्याणीच्या पिशवीचा. सगळ्यांची एक नांगी मोठी. म्हणजे श्रावणापासून वैशाखापर्यंत ते हेच करत बसले होते. जुन्या खेकड्यांच्या नांग्या जरा ओढल्या की सुटायच्या. अगदी वरचा जो होता, त्याची ओढून बघितली, सुटली नाही. ओल्या बोटानं ओढली, तरी नाही. काकांनी आत कुठंतरी एक घडी दुसरीत अडकवली होती, कडी घालावी तशी. पाणी लागलं तरी बसणारी नांगी. डिंकाची गरजच नाही.

आम्हा घड्या घालणाऱ्यांत दुसऱ्याचं काम शिकायचा एकच रस्ता असतो, ते उलगडून बघायचं. पण एकदा उलगडलं की परत तसं होत नाही. काकू म्हणाल्या, "उघड. पेटीत ठिवून काय करू मी?" मी सावकाश उघडला. पाय सुटले, पाठ सुटली, शेवटी सगळा कागद चौकोनी होऊन मांडीवर पसरला. त्यावर काकांच्या नखाच्या घड्या, शेकड्यानं, उजेडाला धरलं की जाळीसारख्या. कुठली पोटातली, कुठली पाठीवरली, ते कळतं. कुठली आधी आणि कुठली मग, ते कळत नाही.

तो कागद आता माझ्याकडं आहे. दर रविवारी घेऊन बसतो. पाय होतात, पाठ होते, बारकी नांगी होते. मोठीपाशी येऊन अडतो. मग काकांच्या आवाजात स्वतःलाच सांगायला लागतो, "हां, आता हितं दाब... आता ही खालनं घे नकल्या..." आवाज हुबेहूब आहे, काकू ऐकतील तर दचकतील. पण पुढं काय घ्यायचं, ते त्या आवाजाला माहीत नाही. मी तिथंच थांबतो, आणि हातातली नांगी हळूहळू उघडते.