अकराव्या नावाचा वर्ख

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात शिरलं की डाव्या भिंतीवर माजी अध्यक्षांच्या नावांचा लाकडी फळा होता. माणसाच्या दीड उंचीचा, तेलपाणी करून गुळगुळीत ठेवलेला. त्यावर सोन्याच्या वर्खात दहा नावं, सगळी कॅथलिक धर्मगुरूंची, आणि प्रत्येकापुढे दोन सालं: आले कधी, गेले कधी. पहिली सहा नावं मास्तरांच्या वडिलांनी लिहिली होती, पुढची चार मास्तरांनी.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, आणि कब्रस्तानातल्या दगडांवरची नावंही. वडिलांना सगळे मास्तर म्हणायचे. ते गेल्यावर त्यांच्या कुंचल्यांबरोबर ती हाकही मुलाकडे आली.

विद्यापीठाचा इतिहास मास्तर शिकले ते या फळ्यासमोर, वडिलांची शिडी धरून. पहिल्या फादरांचं नाव इतकं लांब की अक्षरं पोट आत घेऊन उभी राहिल्यासारखी दिसायची. तिसरे आठच महिने टिकले. दोन्ही सालं एकच, तरी वडिलांनी ती दोनदा लिहिली. पाचव्यांनी वाचनालय बांधलं आणि त्याच्याच पायऱ्यांवरून पडून गेले. सहावे असे तापट की एकदा प्राध्यापकाच्या अंगावर शाईची दौत भिरकावली; तो डाग अजून चौकटीच्या लाकडात आहे. "पण फळ्यावर सगळे एका उंचीचे," वडील म्हणायचे. "भला असो, बुरा असो, अक्षर दोन इंच. आपण न्यायाधीश नाही."

या फळ्याची एक रीत होती. जाणाऱ्या अध्यक्षाने शेवटच्या दिवशी सभागृहात यायचं आणि आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर सोन्याचा वर्ख स्वतःच्या अंगठ्याने दाबायचा. बाकीचं नाव मग मास्तरांनी पुरं करायचं.

अकरावे अध्यक्ष शिस्तीचे होते. त्यांच्या काळात विद्यापीठात जिथे तिथे कुलपं आली. प्रयोगशाळेला, कोठीला, फळबागेलासुद्धा. नोकरमाणसं त्यांना मागून 'कुलूपवाले' म्हणायची. धुलाईघरातून चादरी चोरीला जातात असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, आणि धुलाईघराच्या मागच्या दारालाही कुलूप लागलं. किल्ली कार्यालयात.

धुलाईघरात मास्तरांची बहीण इस्त्री करायची. तिला घरात, गल्लीत, कामावर सगळे धाकटीच म्हणत. चाळिशी उलटली तरी धाकटीच. एका दुपारी वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगेतून आग पुढच्या दाराकडे गेली. बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. धाकटी मागच्या दारापाशी सापडली.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा, इस्त्री चालू राहिली. कुलपाचा शब्द त्यात नव्हता. कुलूप त्याच संध्याकाळी कुणीतरी काढून नेलं होतं, आणि दार जळून कोळसा झालं होतं.

अहवालाची प्रत घरी आली तेव्हा आईने ती मास्तरांकडून तीनदा वाचून घेतली. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, कान मात्र शाबूत होते.

"म्हणजे माझ्या पोरीने आग लावली," ती म्हणाली.

"तसं नाही म्हटलंय, आई."

"मला वाचता येत नाही रे, समजतं."

धाकटीच्या दगडावर नाव घालायची वेळ आली तेव्हा आईने हात धरला. "तिच्या नावावर हा डाग असताना नाव कोरायचं नाही. उद्या कुणी वाचेल आणि म्हणेल, हीच ती. आधी तो शब्द पुसून आण. मग लिही."

गावभरच्या मेलेल्या माणसांची नावं लिहिणाऱ्याच्या सख्ख्या बहिणीचा दगड कोरा राहिला. चार वर्षं. मास्तर दुसऱ्यांच्या कामासाठी कब्रस्तानात जात तेव्हा त्या बाजूची वाट टाळत. आई मात्र दर महिन्याला विचारायची, "काय म्हणाले तुझे विद्यापीठवाले?" मास्तरांनी दोन अर्ज दिले होते. दोन्हींची पोच आली, उत्तर आलं नाही.

मग कुलूपवाल्यांची मुदत संपली आणि फळ्यासाठी बोलावणं आलं.

"आता तरी विचारा," बायको म्हणाली. "चांगले समोर उभे राहणार आहेत. तुमचं तोंड काय फक्त कुंचला धरायला दिलंय?"

"विचारतो."

"एक ओळ हवी. दार माझ्या हुकमाने बंद होतं, एवढी. घर नाही मागत आपण त्यांचं."

अध्यक्षांच्या शेवटच्या दिवशी मास्तर सकाळी सहालाच सभागृहात पोचले. रखवालदाराने दार उघडलं, शिडी धरली, आणि सवयीप्रमाणे थट्टा केली. "मास्तर, यांच्या नावाशेजारी एक छोटं कुलूपही काढा. शोभेल." मग त्याला धाकटी आठवली असावी. तो मान खाली घालून चहा आणायला गेला.

मास्तरांनी अक्षरांच्या कडेने सुईने टोचलेला कागद फळ्यावर लावला, खडूच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटून अक्षरांच्या ठिपक्यांची रेघ उमटवली. मग वर्ख धरणारं तेल बारीक कुंचल्याने अक्षरांत भरलं. सगळं काम या तेलाचं. लावल्यावर तीन तासांनी ते तयार होतं. बोटाचं मागचं पेर टेकवलं की हलकासा 'टच्' आवाज येतो, बोटाला मात्र काही लागत नाही. तीच वेळ. आधी लावला तर वर्ख बुडतो. उशीर केला तर तो बसल्यासारखा दिसतो, चकाकतोही, पण धरत नाही. वर्षा-दोन वर्षांत सुटून जातो. वडिलांनी ही गोष्ट मास्तरांना बोलून शिकवली नव्हती, पेर टेकवून शिकवली होती.

दहाला अध्यक्ष आले, एकटेच. पांढरे झगझगीत केस, हातात टोपी. मास्तरांनी चपटा कुंचला गालावरून फिरवून किंचित तेलकट केला, त्याने वहीतून वर्खाचं पान उचललं आणि पहिल्या अक्षरावर अलगद सोडलं.

"दाबा, फादर. घासू नका, फक्त टेकवा."

अध्यक्षांनी अंगठा टेकवला. "माझ्या आधीच्यांनीही असंच केलं?"

"पाचवे सोडून सगळ्यांनी. ते आधीच गेले होते. त्यांच्या वेळी सगळ्यात जुन्या शिपायाने दाबला."

"तुमच्या वडिलांनी लिहिलं असेल ते."

"हो." मास्तरांनी कुंचला खाली ठेवला. "फादर, धुलाईघरातली ती माझी बहीण होती."

"माहीत आहे मला."

"मागचं दार बंद होतं. तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं एका कागदावर लिहून द्या. माझी आई म्हातारी आहे. तिला दुसरं काही नको. भरपाई नको, माफी नको."

अध्यक्ष फळ्याकडे बघत राहिले. वरपासून खालपर्यंत, एकेक नाव. "मी लिहिलं तर ते माझ्या एकट्याचं राहत नाही, मास्तर. ते संस्थेचं होतं."

"दार संस्थेने बंद केलं नव्हतं."

निरोपाच्या सभेचा घंटानाद झाला तसे फादर टोपी सावरत दाराकडे निघाले. दारात क्षणभर थांबले, वळले नाहीत.

मास्तर शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसले. वर्खाची वही मांडीवर. समोरच्या घड्याळात साडेदहा, मग अकरा. पेर टेकवायची गरज नव्हती. तेल केव्हा तयार होतं आणि केव्हा मरतं हे त्यांना वासावरूनसुद्धा कळायचं. अकरा वाजता ते उठले नाहीत. बाराला रखवालदार डोकावला. "झालं नाही अजून?" "होतंय," ते म्हणाले. एक वाजेपर्यंत ते बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच कामाच्या जागी हात मांडीवर ठेवून.

मग उठून उरलेलं सगळं नाव त्यांनी भरलं. सोनं इतरांसारखंच चकाकलं. रखवालदार म्हणाला, "अप्रतिम." तेव्हाचे कुलसचिव, म्हणजे कार्यालयाचे प्रमुख, येऊन मान डोलवून गेले.

घरी आईने विचारलं, "दिली ओळ?"

"नाही दिली."

आईने भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या महिन्यापासून तिने विचारायचं सोडलं.

फळ्याचं काय केलं ते मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. कधी तरी जेवताना घास हातातच राहायचा. इतर दहा नावांपुढे उभं राहायची त्यांना लाज वाटू लागली, म्हणून त्यांनी सभागृहात जाणं टाळलं. वडिलांची अक्षरं बघत असल्यासारखी वाटायची.

पुढच्या वर्षी थंडीत आई गेली. तिच्या दगडाचं कामही मास्तरांनी लांबवलं. धाकटीचा कोरा, मग शेजारी आईचा लिहिलेला कसा चालेल.

अकरावे अध्यक्षही त्याच सुमारास वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात वारले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नव्या कुलसचिवांचं बोलावणं आलं. फळ्यावरचं अकरावं नाव सुटत होतं. सफाईवाल्यांना रोज जमिनीवर सोन्याची भुकटी सापडायची. मास्तर गेले आणि दारातच थांबले. पहिलं अक्षर जागच्या जागी, भक्कम. त्यापुढे खडूच्या धुरकट खुणा, आणि दोन सालांपैकी एक अर्धं.

"चाळीस वर्षं तुमच्या घराण्याचं काम आहे," कुलसचिव म्हणाले. "असं कसं झालं? हवा? की वर्ख खोटा?"

"माझी चूक आहे."

"काम देताना काय ठरलं होतं ते बघायला तुमची फाइल काढली." त्यांनी एक जाड फाइल टेबलावर सरकवली. "बसा. मी एक फोन करून येतो."

फाइलमध्ये मास्तरांचे दोन अर्ज होते. त्याखाली अध्यक्षांच्या कागदावर, त्यांच्या हातच्या तिरक्या अक्षरात एक पत्र. तारीख फळ्याच्या त्या दिवसाची. पत्र मास्तरांच्या आईच्या नावे होतं. *धुलाईघराचं मागचं दार माझ्या आदेशाने कुलूपबंद होतं. किल्ली तिथे ठेवायची परवानगी तुमच्या मुलीने दोनदा मागितली होती, मी दिली नाही. तिची चूक नव्हती.* खाली सही. कोपऱ्यात दुसऱ्याच हाताने पेन्सिलीने: वकिलांना विचारून मग पाठवणे.

मास्तरांनी ते एकदाच वाचलं. मग तारीख पुन्हा बघितली.

कुलसचिव परतले तेव्हा पत्र टेबलावर उघडं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि खुर्चीत टेकले. "हे माझ्या आधीच्यांच्या वेळचं. मी आत्ताच बघतोय."

"विचारलं होतं का वकिलांना?"

"तसं काही दिसत नाही."

"आई माझी गेली," मास्तर म्हणाले. "दीड वर्ष हे इथे होतं आणि ती तिकडे जिवंत होती."

खाली अंगणात कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"पत्र घेऊन जा," कुलसचिव शेवटी म्हणाले. "मी विचारत नाही कुणाला."

"आणि फळा? मला ते नाव पुन्हा लिहू द्या. माझ्या वर्खाने. मुद्दाम बिघडवलं होतं मी ते."

कुलसचिवांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. "पितळी पट्ट्यांचं काम दिलंय एका कंपनीला. सगळी नावं यंत्राने कोरून येतील. हा फळा परवा उतरवतायत. व्यवस्थापन मंडळाला वाटलं, पुन्हा असं होण्यापेक्षा…"

"सगळी? वडिलांचीही?"

"सगळी."

मास्तर जाताना सभागृहातून गेले. अकराव्या नावाच्या पहिल्या अक्षरावर त्यांनी पेर टेकवलं. फादरांचा अंगठा बसला होता तिथे सोनं थोडं खोलगट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कब्रस्तानात गेले. बायको छत्री धरून शेजारी उभी राहिली, ऊन कुंचल्यावर पडू नये म्हणून. पत्राची घडी त्यांच्या खिशात होती. धाकटीचं नाव दोन इंचांत, आईचंही दोन इंचांत. ती नावं त्यांनी आधी कोरली, मग तेल भरलं, आणि दगडाच्या कडेला बसून राहिले.

"किती वेळ लागेल?" बायकोने विचारलं.

"तीन तास."

"एवढा वेळ बसून राहायचं?"

"हो," ते म्हणाले. "तू जा हवं तर."

ती गेली नाही. दोघांत एकच छत्री. मास्तर अधूनमधून वाकून धाकटीच्या नावावर बोटाचं पेर टेकवत होते, आणि कान देत होते.