दोष चिमट्याचा नव्हता

आत्या घड्याळं दुरुस्त करते. आजोबा गेल्यावर दुकान बंद होणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तेव्हा तिने शटर वर केलं आणि त्यांच्या स्टुलावर जाऊन बसली. बायकांची मनगटी घड्याळं ही तिची खासियत. तिळाहून लहान स्क्रू ती श्वास रोखून बसवायची. भिंतीवरचं घड्याळ आलं की म्हणायची, "हे काय, कुणीही करेल."

मग स्क्रू तिच्या हातून निसटू लागले. आत्याने कारागिराला शोभेल तेच केलं, अवजाराला दोष दिला. चिमट्याची टोकं घासली. नवा चिमटा आणला, पाठोपाठ जाड मुठीचा पेचकस. बोटांवर चढवायच्या रबरी टोप्या मोठ्या मागवल्या, काही महिन्यांनी त्याहून मोठ्या. दर वेळी थोडे दिवस काम सुरळीत चाले आणि तिला वाटे, दुखणं सापडलं.

घरात थट्टा चालायची. "ताई, तुमचा पाय अजून वाढतोय वाटतं," तिची चप्पल पुन्हा बदलून आणायला निघालेली आई म्हणाली. "पन्नाशी आली, आता तरी थांबा."

"तुझी जीभ थांबली का वाढायची?"

आत्याचा आवाजही जाड झाला होता. फोनवर गिऱ्हाइकं तिला साहेब म्हणत. "बरंय," ती म्हणे, "साहेबाशी कुणी घासाघीस करत नाही."

एका दुपारी एकच स्क्रू तिच्या हातून वारंवार पडला. वैतागून तिने चिमटा माझ्या हाती दिला. घरात माझ्याइतकी धांदरट कुणी नाही. माझ्याकडून तो पहिल्याच फटक्यात उचलला गेला. आत्याने चिमट्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे, मग बराच वेळ स्वतःच्या.

"उद्या दवाखाना," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिचे जुने फोटो मागवले, चेहऱ्याशी ताडून पाहिले आणि समजावलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती वाढीचं संप्रेरक सोडते. त्याच्या हुकमावरून यकृत दुसरं एक रसायन बनवतं आणि मुलांची हाडं लांबतात. मोठेपणी हाडं लांब होत नाहीत. संप्रेरक जास्त झालं, तर ती रुंद होतात, मांस सुजतं.

"मग मोजा की," आत्या म्हणाली.

"एकदाच रक्त घेऊन कळत नाही. ते लाटांसारखं येतं, ओसरतं. यकृताचं रसायन दिवसभर साधारण सारखं असतं, म्हणून आधी ते पाहू."

ते बरंच जास्त निघालं. मग दुसरी तपासणी. उपाशीपोटी हातात सुई बसवली, ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं. साखर पोटात गेली की निरोगी माणसाचं हे संप्रेरक खाली येतं.

"इतकं गोड," आत्या ग्लास ठेवत म्हणाली, "माझा भाऊसुद्धा कधी बोलला नाही."

तिचं संप्रेरक खाली आलंच नाही. मग केलेल्या स्कॅनमध्ये ग्रंथीवर गाठ दिसली.

"नाकातून आत जाऊन काढता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काढायलाच हवी, हृदयावर ताण येतोय. पण बोटांचं वचन देत नाही. सूज उतरेल, रुंद झालेलं हाड मागे जात नाही."

घरी बाबा धास्तावले. "शस्त्रक्रिया कर. पण ते बारीक काम आता सोड, ताई. भिंतीवरची घड्याळं घे."

"हृदय डॉक्टरीणबाईंकडे दिलंय," आत्या म्हणाली. "हाताचं मी बघते."

शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी पुन्हा ते गोड पाणी, पुन्हा हातात सुई. या वेळी संप्रेरक मुकाट्याने खाली आलं. बोटं थोडी उतरली होती, पहिल्यासारखी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तसंच.

दुसऱ्या सकाळी आत्याने एक नाजूक घड्याळ उघडलं. चिमटा बोटांच्या टोकांनी धरायची तिची जुनी पद्धत चालेना. तिने तो अंगठ्याच्या बुडाशी टेकवला, मनगट टेबलावर दाबून ठेवलं. स्क्रू पडला. तिने शोधला. पुन्हा पडला. मी पुढे झाले, तर तिने मानेनेच नको म्हटलं.

घड्याळाची मालकीण दारात आली. "झालं का हो? नाहीतर दुसरीकडे नेते."

"इथेच होईल," आत्या मान वर न करता म्हणाली. "संध्याकाळी या."

आणि चिमट्याची पकड तिने थोडी आणखी बदलली.