समीरचा उजवा पाय

मी शाळेत केमिस्ट्री शिकवते. नजर लागणं, संकेत मिळणं असले विषय निघाले की घरात सगळ्यात आधी हसणारी मीच. त्यामुळे हे मी लिहावं हेच विचित्र... पण घडलं ते घडलं.

आम्ही जबलपूरचे. मी राइट टाउनला, आई आणि धाकटा भाऊ समीर रांझीला. समीर फॅक्टरीत फिटर होता. साधा व्हायरल ताप आला आणि जाता जाता हृदयाला सूज देऊन गेला. बीपी टिकेना. डॉक्टरांनी एक्मो लावलं — म्हणजे रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत शरीरात सोडणारं मशीन. हृदयाला तेवढाच आराम. उजव्या मांडीतून जाड नळ्या घातल्या होत्या.

गुडघ्यांमुळे आई हॉस्पिटलला आलीच नव्हती. मशीन लावलंय, झोपवून ठेवलंय, एवढंच तिला सांगितलेलं. मांडी, नळ्या... एक शब्द नाही.

भर दुपारी आयसीयूबाहेर मी डबा उघडत होते, तर आईचा फोन.

"अगं, त्याचा उजवा पाय पाह्य ना. गार पडून राहिला."

"काहून म्हणतेस असं? कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही गं. कणीक मळून राहिली होती मी... आणि हातात त्याचा पाय लागला. बरफासारखा."

मी वैतागले. तरी उठले, नर्सला म्हटलं, एकदा बघा.

"दीदी, सुबह तो ठीक था," ती म्हणाली. चादर सारली आणि डॉक्टरांना हाक मारत धावली. बोटं निळसर पडली होती.

मग धावपळ. मांडीतल्या नळीमुळे पायाकडे जाणारं रक्त अडलं होतं. पायासाठी वेगळी बारीक नळी घातली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "अच्छा हुआ आपने बोल दिया. देर होती तो पैर काटना पड़ता."

मी आईचं नाव घेतलं नाही.

संध्याकाळी पायात ऊब आली. आईला कळवलं तर फोनवरच रडली.

एक्मोत रक्त गोठू नये म्हणून ते पातळ करणारं औषध सतत चालू ठेवावं लागतं. त्यातच पुढे मेंदूत रक्तस्राव झाला. पाय वाचला... समीर गेला.

त्या दिवशी आईचा फोन आला नव्हता. मी सांगायला घरी पोचले, तेव्हा ती अंगणात चिवड्याचे पोहे वाळत घालत होती. समीर आला की लागेल म्हणून. मला बघून म्हणाली, "अच्छा झालं आलीस, जरा चाळून दे."

डॉक्टरांना नंतर कधीतरी मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, योगायोग. असेलही. मला पटत नाही, आणि दुसरं काही पटेल असंही सापडत नाही. पण आईला ते उत्तर नकोच आहे. ती दुसरंच विचारते, हाताचे तळवे समोर धरून —

"पाय कळला ना गं मला... मग डोकं काहून नाही कळलं?"