स्ट्रेचरवरून बघितलेलं विमान

आत्या विमान घ्यायला निघाली तेव्हा तिने बरोबर दोनच गोष्टी घेतल्या, एक स्ट्रेचर आणि दुसरा मी. माझं गाद्यांचं दुकान आहे, विमानातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मी अंगाने भरभक्कम आहे आणि आत्याला नेमका तसाच माणूस हवा होता.

"हडकुळा पेशंट कुठूनही आत जातो," ती म्हणाली. "तू गेलास तर कोणीही जाईल."

आत्या स्वतः वैमानिक. अर्धं आयुष्य तिने एका इंजिनाचं छोटं विमान भाड्याने चालवलं. नकाशे काढणारे, औषधांची खोकी, लग्नाला उशीर झालेले पाहुणे, जे मिळेल ते नेलं. आता आमच्या किनाऱ्यासमोरच्या बेटांवरच्या दवाखान्याने तिला विचारलं होतं, आमचे पेशंट शहरात आणाल का? समुद्रावरून आणायचे तर इंजिनं दोन हवीत, ही त्यांची अट. बेटावरची धावपट्टी इतकी आखूड की तिथे जेट उतरत नाही. म्हणून दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप, म्हणजे इंजिन जेटच्या जातीचं पण पुढे पंखा फिरवणारं. त्यातलंही सगळ्यात लहान आणि तेही वापरलेलं. राहतं घर सोडून आत्याने सगळं विकायला काढलं होतं. निवड चुकली असती तर दुसऱ्यांदा घ्यायची ऐपत नव्हती, आणि बेटांवरची आजारी माणसं पुन्हा होडीची वाट बघत बसली असती. एवढं डोक्यावर असूनही बाईंचा उत्साह असा, की हँगरकडे जाताना मला तिच्यामागे धावावं लागलं.

पहिलं विमान बघून मीच पाघळलो. चकाचक, वेगवान, आत चामड्याच्या खुर्च्या. दलाल असं कौतुक करत होता की ते त्याचं पोटचं पोर वाटावं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "झोप."

मी झोपलो. पट्टे आवळले गेले. डोक्याकडे हँगरवर आधीच येऊन थांबलेला तिचा मेकॅनिक, पायांकडे दलालाचा ड्रायव्हर, अशी वरात पायऱ्या चढली आणि मी अडकलो. डोकं आत, पाय बाहेर, पोट दाराच्या चौकटीत.

"जरा तिरकं करा," दलाल म्हणाला. "पेशंटला एवढं चालतं, मॅडम."

"तुमच्या सासूबाईंना झोपवा आणि करा तिरकं," आत्या म्हणाली. "काढा त्याला बाहेर."

मला बाहेर काढताना मेकॅनिकला हसू आवरेना, आणि मी जीव मुठीत धरून पडलो होतो.

दुसरं विमान हँगरच्या मागे उन्हात उभं होतं. रंग उडालेला, पंख वर, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. दिसायला अगदीच यथातथा. पण दार रुंद आणि कमरेच्या उंचीवर. भट्टीत पाव सरकवावा तसा मी सपाट आत गेलो. आत्याने टाळ्याच वाजवल्या! "गेला! गेला की रे!" मलाही काय झालं कोण जाणे, मी आतून "गेलो, गेलो!" म्हणून ओरडलो.

मी पट्टे सोडायला सांगितले तर म्हणाली, "कुठे चाललास? अजून उडवून बघायचंय."

पुढे ती आणि विमानमालकाचा पायलट, मागे मी आडवा. चाकं सुटली, पाठीखालून जोर लागला आणि खरं सांगतो, मजा आली. मला दिसत होतं ते फक्त छत. मग बऱ्याच उंचीवर डावीकडचा आवाज एकाएकी बसला. विमान एका बाजूला कललं. संपलं सगळं, मला वाटलं.

"आत्या!" मी बोंबललो. उत्तर नाही. हात पट्ट्यात. मी छताकडे बघत राहिलो. आणि मग पुढून तिचा आवाज आला, लहान मुलीसारखा फुटलेला. "चढतंय! अरे, एका इंजिनावर चढतंय!"

बाईंनी इंजिन मुद्दाम मंद केलं होतं. मला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

उतरल्यावर दलालही रंगात आला. "या खुर्च्या काढल्या की दोन स्ट्रेचर बसतात, मॅडम. एका फेरीत दोन पेशंट!"

आत्या मान डोलावत माझ्याकडे वाकली. आनंदाने चेहरा लाल झाला होता. "कसं वाटलं? खरं सांग."

"विमान झकास आहे," मी म्हणालो. "पण मला फार भीती वाटली गं. विमानाची नाही. काय चाललंय ते कुणी सांगेना, त्याची."

तिचं हसू मावळलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती बसली.

"विमान घेतलं," मग ती दलालाला म्हणाली. "पण स्ट्रेचर एकच. ही खुर्ची काढायची नाही. पायलट पुढे बघणार, नर्स सलाइन बघणार. पेशंटशी बोलायला इथे माणूस बसेल."

"कोण?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मेकॅनिकनेही बघितलं.

"माझं दुकान आहे," मी म्हणालो.

"ते तुझी बायको तुझ्यापेक्षा बरं चालवते."

मी हो म्हणालो. त्यानंतरच तिने माझे पट्टे सोडले.